घरची सुनदुबू-जिगे जाळते, पण झणझणीत का लागत नाही?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय ना ते तुम्हालाही दिसेल. कामानिमित्त सोलला गेला होता, तिथल्या एका खानावळीत ‘सगळ्यात तिखट’ सांगून सुनदुबू-जिगे, म्हणजे मऊ टोफूचा तिखट कोरियन रस्सा, मागवलीत. नाकाडोळ्यांतून पाणी वाहिलं तरी भांडं पुसून खाल्लंत. पुण्यात परतल्यावर तीनदा करून पाहिलीत: कडकडीत तेलात चार चमचे लाल तिखट, सहा हिरव्या मिरच्या, पाणी, सोया सॉस आणि दुकानातला टोफू चौकोनी कापून. रस्सा तपकिरी झाला, घशाशी कडू लागला, टोफू चावावा लागला आणि रात्रभर पोटात आग पडली. तरी तुम्ही विचारताय, ‘सोलसारखं तिखट येत नाही, अजून किती मिरची घालू?’ आणि शेवटच्या ओळीत आईचं विचारलंय: तिला तिखट चालत नाही, तिच्यासाठी काय करता येईल. त्याकडे शेवटी येते.

मी सोलजवळच्या सुवॉनमध्ये अकरा वर्षं राहिले. नवऱ्याची नोकरी तिथल्या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत होती. त्यातली सात वर्षं मी एका लहान जिगेच्या खानावळीत दुपारच्या पाळीला स्वयंपाकघरात काम केलं. साडेअकरा ते दीडपर्यंत समोर आठ शेगड्या आणि आठही शेगड्यांवर तुक्बेग्या, म्हणजे त्या काळ्या-तपकिरी जाड मातीच्या वाट्या, रटरटत असायच्या. आता परत येऊन चार वर्षं झाली, महिन्यातून तीन-चारदा घरी जिगे होतेच. पुढचं सगळं त्या सवयीतून लिहितेय. दुसऱ्या घरात, दुसऱ्या खानावळीत थोडं वेगळं करतात, आणि तेही चुकीचं नसतं.

पहिलं उत्तर असं की मिरची वाढवू नका, आधी कमी करा. कडवटपणा, तपकिरी रंग आणि ‘तिखट आलंच नाही’ ही भावना, तिन्हींचं मुख्य कारण एकच आहे: तिखट तेलात जळलं. मिरची जळली की तिचा रंग जातो, गोडसर वास जातो, पण जाळणारा अंश, कॅपसायसिन, त्या मानाने टिकून राहतो. म्हणजे तुमच्या वाटीत आग होती, फक्त ती एकटी होती. जिभेला सोबत काहीच मिळालं नाही, म्हणून तिने ‘कमी आहे’ असं सांगितलं, आणि पोटाला मात्र पूर्ण हिशेब मिळाला.

कोरियन लोक तिखटाला एकच शब्द वापरत नाहीत, आणि हे समजलं की अर्धी जिगे जमते. ‘मेप्ता’ म्हणजे सरळसरळ तिखट. ‘कालकाल-हादा’ म्हणजे घशाला स्वच्छ, टोकदार चुरचुर लावणारं. ‘ओलकुन-हादा’ हे गरम रश्श्याबद्दल म्हणतात: प्यायल्यावर कपाळावर घाम येतो, अंग सैल होतं आणि दुसरा चमचा घ्यावासा वाटतो. चौथा शब्द ‘शिवोन-हादा’. त्याचा मूळ अर्थ थंडगार, पण समोरचा माणूस उकळता रस्सा ओरपून हेच म्हणतो, कारण छाती मोकळी झाल्यासारखी वाटते. पहिल्या वर्षी मला याचं फार नवल वाटायचं. आपल्याकडेही झणझणीत आणि तिखटजाळ हे दोन शब्द आपण एकासाठी एक वापरत नाही, तसंच हे. सोलमध्ये तुम्ही ओलकुन आणि कालकाल खाल्लंत, घरी केलीत ती फक्त मेप्ता झाली.

आता स्वयंपाकाच्या दृष्टीने महत्त्वाचं: ही दोन तिखटं दोन वेगळ्या जिनसांतून आणि दोन वेगळ्या वेळी येतात. ओलकुन येतं लाल मिरचीच्या भरडीतून, ती मंद तेलात मुरली तर. कालकाल येतं हिरव्या चोंगयांग मिरचीतून, ती शेवटाकडे पडली तर. दोन्ही एकदम सुरुवातीला तेलात गेली की एकच बोथट जाळ उरतो.

तेलापासून सुरुवात करते, कारण तुमची मुख्य चूक तिथे आहे. आपल्या हाताला फोडणीची सवय असते: तेल तापलं, मोहरी तडतडली, मग पुढचं. सुनदुबूचं तेल म्हणजे फोडणी नाही. ते मिसळीच्या कटाच्या जवळचं आहे. तिथे ‘गोचु-गिरुम’ म्हणतात, मिरचीचं तेल. मिरचीचा लाल रंग आणि कॅपसायसिन, दोन्ही तेलात विरघळतात, पाण्यात जवळपास नाहीच. त्यामुळे रंग आणि तिखट काढून घ्यायचं काम तेलाचं आहे, पण त्याला कडक आच लागत नाही, थोडा वेळ लागतो.

आमच्याकडे असं करायचो. थंड भांड्यात दीड मोठा चमचा साधं तेल आणि अर्धा चमचा तिळाचं तेल. त्यातच पातीच्या कांद्याचा पांढरा भाग बारीक चिरून, एक मोठा चमचा ठेचलेला लसूण आणि 80 ग्रॅम चरबीसकट पोर्कचा खिमा. मग आच लावायची, तीही मंद. तीन-चार मिनिटांत चरबी सुटते, लसूण मऊ होतो, लाल होऊ द्यायचा नाही. आता गॅस बंद करा. मनात तीस आकडे मोजा. मग दोन मोठे चमचे मिरचीची भरड घाला आणि ढवळत राहा. भांड्याच्या उरलेल्या उष्णतेवरच तेल गडद लाल होतं. गॅस परत सगळ्यात बारीक आचेवर अर्धा मिनिट लावा आणि लगेच रस्सा ओता. खुणेसाठी नाकावर विसंबा. बरोबर चाललं असेल तर सुकवलेल्या टोमॅटोसारखा गोडसर वास येतो. घरभर ठसका उठला तर जळायला लागलंय.

मी कामाला लागल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात, बारा वाजताच्या गर्दीत, आच मोठी ठेवून भरड टाकली होती. दहा सेकंदांत तेल काळपट झालं. मालकीणबाईंनी काही न बोलता ते सगळं ओतून दिलं आणि भांडं घासून परत माझ्या हातात दिलं. मला वाटलं होतं की रस्सा घातल्यावर चव झाकली जाईल. झाकली जात नाही. तुमच्याकडेही तेल काळपट झालं तर तिथेच थांबा, फेकून द्या, पाच मिनिटांचं नुकसान होईल. पुढे क्लॅम, टोफू, अंडं घालून ते वाचवायला गेलात तर सगळंच वाया जाईल.

मिरचीबद्दल. कोरियातली भरड, गोचुगारू, ही आपल्या लाल तिखटापेक्षा तीन बाबतींत वेगळी असते. ती जाड दळलेली असते, बिया बहुतेक काढलेल्या असतात, आणि मिरची मूळचीच गोडसर आणि मध्यम तिखट असते. आपलं तिखट मऊ पूड असतं, बियांसकट दळलेलं, म्हणून तेलात पडताच जळतं आणि रस्सा पिठूळ करतं. पुण्यात गोचुगारू आता सहज मिळते, एवढ्या कोरियन कंपन्या रांजणगाव-तळेगाव भागात आहेत की त्यांच्या लोकांसाठी दुकानं उभी राहिलीच. पाकीट घेताना दोन गोष्टी पाहा: जाड दळलेली आहे का आणि रंग चमकदार लाल आहे का. विटकरी झाली असेल तर घेऊ नका. घरी आणली की फ्रीजरमध्ये ठेवा, आपल्या उन्हाळ्यात ओट्यावर दोन महिन्यांत तिचा वास उडतो.

नसेलच मिळत तर ब्याडगी घ्या. देठ आणि बिया काढून दोन दिवस कडक उन्हात वाळवा, भाजू मात्र नका, भाजली की वासच बदलतो. मग मिक्सर थांबवत-थांबवत फिरवून रव्यापेक्षा जाड भरडा. रंग सुरेख येईल, तिखटपणा कमी पडेल, म्हणून चार भाग ब्याडगीला एक भाग गुंटूर किंवा संकेश्वरी अशीच भरडून मिसळा. कांदा-लसूण मसाला वापरू नका. त्यातलं खोबरं, लवंग, धणे आले की पदार्थ कोल्हापूरला जातो. चांगला लागेल, पण तुम्ही विचारताय तो पदार्थ राहणार नाही.

हिरवी चोंगयांग मिरची कोरियात 1983 मध्ये तयार झाली. ती विकसित करणाऱ्यांच्या सांगण्यानुसार चोंगसोंग आणि योंगयांग या दोन तालुक्यांच्या नावांतून तिचं नाव आलं. ती आपल्या भाजीवाल्याकडे मिळणार नाही, आणि हरकतही नाही. आपली लवंगी माझ्या जिभेला तिच्यापेक्षा तिखटच लागते. तीन चोंगयांगच्या जागी दोन लवंगी पुरतात. तिरक्या, पातळ चिरा, बिया ठेवा.

रश्श्याकडे बहुतेक लोक दुर्लक्ष करतात. तुम्ही नळाचं पाणी घातलंत, आणि खरं सांगते, सोलच्या वाटीतलं अर्धं तिखट सहन झालं ते खालच्या रश्श्यामुळे. तिथला पाया म्हणजे सुकी म्योलची, अँचोव्ही जातीची लहान मासळी, आणि दाशिमा नावाचं सुकं समुद्री शेवाळ. एक लिटर पाण्याला 10-12 मोठ्या म्योलची, डोकं आणि पोटातला काळा भाग काढून, कारण कडवटपणा त्यातच असतो. कोरड्या भांड्यात दोन मिनिटं परतून घ्या म्हणजे वशाट वास जातो. मग पाणी, तळहाताएवढा दाशिमाचा तुकडा, मुळ्याच्या चार जाड चकत्या, अर्धा कांदा. उकळी आल्यावर पाच-सात मिनिटांत दाशिमा काढून टाका, नाहीतर रस्सा बुळबुळीत होतो. एकूण पंधरा मिनिटांत गाळून घ्या. म्योलची नसेल तर मूठभर सोडे वापरा, मी परतल्यावर कितीदा तसंच केलंय, चव किंचित गोडीकडे जाते एवढंच. जवळा मात्र नको, तो बाकी सगळ्यावर बसतो.

साध्या पाण्याऐवजी तांदळाचं दुसरं धुवण घेतलं तर फार फरक पडतो. कोरियन घरांत ते जिगेसाठी बाजूला काढून ठेवतात. त्यातल्या पिठामुळे रश्श्याला किंचित अंग येतं आणि लाल तेल वर वेगळं तरंगण्याऐवजी जरा धरून राहतं. पहिलं धुवण टाका, दुसरं ठेवा.

मांसाहार करत नसाल तर सुके शिताके मशरूम, दाशिमा, मुळा आणि कांदा एवढ्यावर उत्तम रस्सा होतो, आणि खिम्याऐवजी बारीक चिरलेली धिंगरी अळिंबी वापरा, तेल अर्धा चमचा वाढवून. कांदा-लसूणही चालत नसेल तर निराश होऊ नका. कोरियातल्या बौद्ध मठांच्या स्वयंपाकात लसूण आणि पातीचा कांदा वर्ज्यच असतो, आणि तिथे टोफूचे इतके पदार्थ होतात. लसणाची जागा भरताना मशरूम दुप्पट करा आणि शेवटी भाजलेल्या तिळाची पूड घाला.

आता टोफू. सुनदुबू हा पदार्थ मुळात टोफूच्या नावाचा आहे, तिखट त्याच्यावर नंतर आलं. सोयाबीनचं दूध साकळल्यावर ते दाबून पाणी काढलं की नेहमीचा टोफू होतो. दाबलंच नाही तर सुनदुबू. खरवसापेक्षाही मऊ, चमच्यातून थरथरणारा. कोरियात तो 350 ग्रॅमच्या आसपासच्या प्लास्टिकच्या नळीत मिळतो. नळी मधोमध कापायची आणि दोन्ही अर्धे भांड्यात घसरवायचे. तुम्ही वापरलात तो दाबलेला टोफू. तो कितीही उकळला तरी मऊ होणार नाही, उलट घट्ट होतो. पनीरही नको. पुण्या-मुंबईत बंद खोक्यात ‘सिल्कन’ लिहिलेला टोफू मिळतो, तो चालतो.

घरीही करता येतो, आणि एकदा तरी करून पाहाच. 200 ग्रॅम सोयाबीन रात्रभर भिजवा, सव्वा लिटर पाण्यात वाटा, फडक्यातून गाळा. दूध मंद आचेवर उकळी फुटल्यावरही दहा मिनिटं उकळा, ढवळत राहा, ते पटकन लागतं आणि ऊतूही जातं. कच्चं सोयाबीन पचत नाही, म्हणून इथे घाई नको. मग खाली उतरवून पाच-सहा मिनिटं थांबा, म्हणजे साधारण 75-80 अंशांवर येईल. पाच ग्रॅम निगारी, म्हणजे मॅग्नेशियम क्लोराईड, अर्धी वाटी पाण्यात विरघळवून तीन वेळा थोडं-थोडं घाला, चमचा एकदाच हलक्या हाताने फिरवा, झाका, वीस मिनिटं हात लावू नका. खाण्यासाठीचं म्हणून विकलं जाणारंच घ्या. लिंबानेही दूध फाटतं, पण रवाळ आणि आंबट होतं. कोरियाच्या पूर्व किनाऱ्यावर गांगनंग शहरातल्या चोदांग भागात आजही समुद्राच्या पाण्याने सोयाबीनचं दूध साकळवतात. समुद्राच्या पाण्यात हेच क्षार असतात. चोदांग हे नाव सोळाव्या शतकातले अधिकारी हो योप यांच्या टोपणनावावरून आलं आणि तिथल्या गोड्या पाण्याबरोबर समुद्राचं पाणी वापरायची युक्ती त्यांचीच, असं तिथले लोक सांगतात. मी दोनदा जाऊन खाल्लाय. पांढराशुभ्र, मिरचीचा कणही नाही.

जोडणी एका भुकेल्या माणसापुरती सांगते. वर सांगितलेल्या लाल तेलात दीड कप रस्सा, त्याहून जास्त नको, टोफू स्वतःचं पाणी सोडतो. दोन छोटे चमचे गुक-गांजांग, म्हणजे रश्श्याचा सोया सॉस. तो नेहमीच्या सॉसपेक्षा खारट पण रंगाने फिका असतो. तुमचा तपकिरी रंग थोडा जळण्याचा होता आणि थोडा, माझ्या अंदाजाने, काळ्या चायनीज सॉसचा. गुक-गांजांग नसेल तर एक चमचा फिका सोया सॉस आणि बाकी मीठ. एक छोटा चमचा फिश सॉस. उकळी आली की आठ-दहा तिसऱ्या. त्या आधी लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे मीठ घालून, झाकून दोन तास ठेवलेल्या असाव्यात, म्हणजे वाळू सोडतात. कोरियात बाजीराक नावाच्या शिंपल्या वापरतात, आपल्या तिसऱ्या त्यांच्या अगदी सख्ख्या वाटतात. तोंडं उघडली की टोफू चमच्याने मोठ्या लचक्यांत घाला. तोंड न उघडलेली शिंपली काढून टाका.

मोठे लचके का, तर रस्सा त्यांच्या बाहेरूनच लागतो, आत टोफू पांढरा आणि अळणीच राहतो. घास फुटला की आधी आग, मग आतला मऊ थंडावा, परत आग. अति तिखट जिगे खाता येते ती या आलटून-पालटून येण्यामुळे. टोफू ढवळून चुरलात तर सगळीकडे सारखंच तिखट होतं आणि चौथ्या घासाला जीभ बधिर पडते. म्हणून टोफू पडल्यावर ढवळणं बंद, भांडं हवं तर हलवा.

दोन मिनिटं उकळलं की चिरलेल्या हिरव्या मिरच्यांतल्या निम्म्या घाला. आणखी मिनिटाने अंडं फोडून मधोमध सोडा. तिथे कितीतरी खानावळींत कच्ची अंडी टेबलावरच असतात आणि गिऱ्हाईक उकळत्या वाटीत स्वतः फोडतं. आपल्याकडे मी पांढरा भाग पूर्ण शिजेपर्यंत, दीड-दोन मिनिटं, आचेवरच ठेवते. उतरवताना उरलेल्या मिरच्या, कांद्याची पात, चिमूटभर मिरी. गोचुजांग, म्हणजे आंबवलेल्या मिरचीची पेस्ट, मी घालत नाही. तिच्यातला गोडवा आणि चिकटपणा रस्सा जड करतो. काही घरांत अर्धा चमचा घालतात, तुम्हाला आवडलं तर तुम्हीही घाला.

मग ‘सगळ्यात तिखट’ कसं करायचं? माझा क्रम असा. वर दिलेलं प्रमाण हे तिथल्या बहुतेक खानावळींत ‘तिखट’ म्हणून येईल. पहिल्यांदा इथेच थांबा. पुढच्या वेळी भरड अडीच चमचे करा, पण तेलही अर्धा चमचा वाढवा आणि लसूण दीडपट करा. ही जोडी तोडू नका, नुसती मिरची वाढली की परत एकटी आग होईल. तिसऱ्या वेळी हिरव्या मिरच्या चार करा, दोन उकळताना आणि दोन उतरवताना. त्यापुढे जायचंच असेल तर गुंटूरची भरड पाव छोटा चमचा तेलाच्या टप्प्याला. भूत जोलोकिया मला या पदार्थात पटत नाही, तिचा फळासारखा उग्र वास टोफूला गिळून टाकतो. कोरियात कॅपसायसिन सॉस नावाची बाटलीही मिळते, काही ठिकाणी ‘नरकासारखं तिखट’ अशा पाट्यांखाली तेच चार थेंब असतात. त्याला ना वास, ना रंग, ना चव, फक्त जळजळ. सात वर्षांत मी ती बाटली हातात घेतली नाही आणि तुम्हीही घेऊ नये असं मनापासून वाटतं.

अजून एक गोष्ट आहे जी तुमच्या ‘सोलसारखं तिखट नाही’ या तक्रारीचा उरलेला भाग असू शकते: तापमान. जिभेवरचा जो ग्राहक, म्हणजे संवेदना टिपणारा रिसेप्टर, कॅपसायसिन ओळखतो, तोच साधारण 43 अंशांपुढची उष्णताही ओळखतो. हा ग्राहक शोधल्याबद्दल डेव्हिड जूलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं. म्हणजे उकळती जिगे आणि कोमट जिगे यांत मिरची तितकीच असली तरी उकळती जास्त तिखट लागते. तुक्बेगी टेबलावर आल्यावरही दोन-तीन मिनिटं रटरटत असते, तुम्ही स्टीलच्या वाडग्यात ओतलीत की तो परिणाम गेला. तुक्बेगी असेल तर उत्तम, पण ती इंडक्शनवर चालत नाही आणि गॅसवरही आच हळूहळू वाढवावी लागते, नाहीतर तडकते. नसेल तर बिडाची लहान कढई घ्या आणि त्यातच वाढा. चव पाहताना मात्र हेच उलटतं. उकळत्या रश्श्यात मीठ कमी भासतं, आणि खाताना निवल्यावर खारट होतं. मीठ शेवटी घाला, चमचाभर रस्सा बशीत काढून, फुंकून, मग चाखा.

पोटाचंही बोलायला हवं. तुम्हाला रात्रभर आग पडली हे मी हलक्यात घेत नाही. पित्ताचा किंवा अल्सरचा त्रास असेल तर या पातळीचं तिखट तुमच्यासाठी नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच. नसेल तरी रिकाम्या पोटी, रात्री उशिरा, दारूसोबत खाऊ नका. भात सोबत हवाच. इंद्रायणी घ्या, तिचा चिकटपणा तिथल्या भाताच्या जवळ जातो. पाणी प्यायल्याने जळजळ जात नाही, दुधाने जाते. मिरच्या चिरलेले हात साबणाने आणि आधी थोड्या तेलाने चोळून धुवा.

थोडक्यात तुमच्या पुढच्या वेळेसाठी: मंद तेल, जाड भरड, खरा रस्सा, न दाबलेला टोफू मोठ्या लचक्यांत, हिरवी मिरची शेवटी, आणि गरम भांड्यातच वाढणं. यातल्या पहिल्या दोन गोष्टी सुधारल्यात तरी रंग आणि कडवटपणा एका दिवसात बदलेल. शक्य झालं तर लाल तेलाचा टप्पा आदल्या रात्री करून फ्रीजमध्ये ठेवा. आम्ही एक दिवसाआड मोठं पातेलं करायचो आणि रात्र उलटल्याशिवाय ते शेगडीवर यायचं नाही.

आता तुमच्या आईचं. तिच्यासाठी तिखट जिगे पातळ करून देऊ नका, तिला तो टोफू चोदांगला खातात तसा द्या. जिगेत घालण्याआधी निम्मा सुनदुबू बाजूला काढा, पाव कप गाळलेल्या रश्श्यात हलका गरम करा, उकळू देऊ नका, आणि खोलगट वाडग्यात वाढा. वेगळ्या वाटीत दोन चमचे सोया सॉस, एक चमचा पाणी, बारीक चिरलेली कांद्याची पात, थोडं तिळाचं तेल आणि भाजून जाडसर कुटलेले तीळ. ते तिने स्वतः चमच्या-चमच्याने वर घ्यायचं. टोफू घरी केलेला असेल तर त्या दिवशी तुम्हीही तुमच्या लाल वाटीआधी तिच्या वाडग्यातला एक चमचा नुसता खाऊन पाहा. सोयाबीनचा तो गोडवा जिभेला कळला की मग लाल वाटीतही तो शोधता येतो.